कावळ्याला तिखट लागत नाही

माझ्या बहिणीकडे एकदा जेवून गेलेला माणूस पुढच्या वेळी निघण्याआधी फोन करून विचारायचा, आज बेत काय आहे. 'काही नाही, साधंच,' असं उत्तर आलं की त्याला ऐन वेळी काहीतरी काम निघायचं. कारण साधं म्हणजे वरण-भात, पोळी, भाजी, आणि पानाच्या डाव्या बाजूला, मिठाच्या शेजारी, मोहरीच्या दाण्याएवढा एक लाल ठिपका. तो ठिपका माझे जीजाजी स्वतः वाढायचे, चमच्याच्या दांड्यानं. मग आपला घास हातातच धरून समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणणं आमच्याकडे आजोबांच्या पिढीबरोबर संपलं. ग्वाल्हेरात सगळे जीजाजी.

त्या ठिपक्यानं चांगली खंदी माणसं पडलेली मी पाहिली आहेत. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी तर आपण कोल्हापुरात नोकरी केल्याचं सांगून ठिपका पोळीच्या तुकड्यावर सबंध उचलला आणि खाल्ला. काहीच झालं नाही. ते हसले. जीजाजीही हसले, कारण ही मिरची घाई करत नाही, आधी माणसाला बोलू देते. पाहुणे कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याबद्दल बोलता बोलता थांबले. त्यांचे कान लाल झाले, मग मान, मग एक उचकी आली, आणि ते ताटावरून उठून बेसिनपाशी, तिथून थेट छतावर गेले. थंडीचे दिवस होते. छतावर ते तोंड उघडं टाकून उभे राहिले होते, आणि त्यांच्या पत्नी खाली शांतपणे दुसरी पोळी घेत म्हणाल्या, लग्नापासून यांना इतका वेळ गप्प मी आजच पाहते आहे.

ही मजा सांगून घेतो, कारण पुढे फारशी उरत नाही. याच मिरचीपायी माझ्या बहिणीवर तिचं राहतं घर सोडायची वेळ आली होती.

मिरची आली ती दर्पण कॉलनीतल्या शेजाऱ्याकडून. हवाईदलातला माणूस, आसामचा. बदली झाल्यावर जाताना त्यानं जीजाजींना कागदाच्या पुडीत सुकलेल्या मिरच्या दिल्या. खारकेसारख्या सुरकुतलेल्या, अंगठ्याएवढ्या. भूत जोलोकिया, तो म्हणाला, आणि हात जोडून हेही म्हणाला की भाईसाहब, डोळ्यांना हात लावू नका. जीजाजींनी त्या खाल्ल्या नाहीत. बिया काढून पेरल्या. बांधकाम खात्यातून निवृत्त व्हायला आलेला माणूस, आयुष्यभर सिमेंटची पोती पाहिलेली. त्याला गमल्यात, म्हणजे कुंडीत, दोन पानं फुटलेली पाहून काय झालं कोण जाणे, त्या दिवसापासून ते छतावरच राहायला लागले म्हणायचं.

आता ग्वाल्हेरची हवा या झाडाला मानवणारी नाही. त्याला हवी ओल, आणि आमच्याकडे मे महिन्यात लू सुटली की पत्र्याची बादलीसुद्धा बाहेर ठेवली तर हाताला चटका देते. फुलं यायची आणि दुपारपर्यंत गळायची. तेव्हा जीजाजींनी घरातला कूलर उचलून छतावर नेला, हिरवी जाळी बांधली, आणि कूलरचं तोंड झाडांकडे करून दिलं. ताई खाली पंख्याखाली झोपायची. ती म्हणायची, माझ्यासाठी या माणसानं कूलरचं गवत कधी वेळेवर बदललं नाही, आणि या मिरच्यांसाठी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या आणल्या. हिवाळ्यात उलटा प्रकार. पाला, म्हणजे गोठलेलं दंव, पडायची भीती असली की संध्याकाळी वर जाऊन झाडांवर जुन्या चादरी टाकायच्या. त्या पांघरुणांत एक धोतर होतं आणि ताईच्या लग्नात आहेरात आलेली एक शालही होती.

आणि पक्षी. पोपट, बुलबुल, एक आगाऊ कावळा. सगळे जाळीला भोक शोधून आत शिरायचे आणि पिकलेली मिरची पेरूसारखी खायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं हा कावळा आता पडणार. जीजाजी म्हणाले, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. "मिरची त्यांच्यासाठीच आहे रे. त्यांनी खायची आणि बी लांब नेऊन टाकायची. मधे आपण घुसलो, म्हणून आपल्याला शिक्षा." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की जणू शिक्षा ठोठावणारे न्यायाधीश तेच.

पिकवायचं काम त्यांचं, शिजवायचं ताईचं. आणि ते काम सोपं नव्हतं. मिक्सरमध्ये ही मिरची वाटायची नाही, झाकण उघडल्यावर जे वर येतं त्यानं घर रिकामं होतं. ती वेगळ्या लोखंडी खलबत्त्यात कुटायची, छतावर, वाऱ्याकडे पाठ करून. भाजलेले शेंगदाणे वाटीभर, लसूण, मीठ, आणि मिरची एकच. कुटण्याआधी हातांना सरसूचं तेल. पण ताईची खरी करामत आमटीत होती. ती मिरचीच्या देठाला पांढरा दोरा बांधायची आणि गोड्या मसाल्याची आमटी उकळत असताना मिरची तिच्यात सोडून दोऱ्याचं टोक पातेल्याच्या कडीला गुंडाळायची. मिरची फुटू द्यायची नाही. आमटी एकदा वर आली की दोरा ओढून मिरची बाहेर. एवढ्यात तिचा वास उतरायचा, आणि तो वास, विश्वास बसणार नाही, पिकल्या फळासारखा गोड असतो. तिखट मागाहून, हलकं, घशाच्या पार तळाशी. तीच मिरची दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता यायची. दोरा विसरलात तर मात्र ती आमटी माणसांच्या कामाची राहत नाही.

गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी ताईनं आमटीत दोरा सोडला होता. बाहेर थंडी वाढत होती. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, पाला पडेल आज, झाडं झाकून या, तोवर मी पोळ्या करते. जीजाजी स्वेटर घालून वर गेले. पोळ्या झाल्या. तिनं जिन्याशी येऊन हाक मारली. मग पुन्हा मारली. तिला वाटलं, चादरी बांधत असतील, किंवा शेजारच्या छतावर कुणाशी बोलत असतील. मग ती वर गेली.

ते गमल्यांच्या मधे बसल्यासारखे पडले होते. शालीचं एक टोक हातात होतं. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं, वर असते काय आणि खाली असते काय, फरक नव्हता. मी गावातल्याच हजीऱ्याहून त्यांच्या मोठ्या भावाला घेऊन पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि एक विचित्र, नाकातोंडात जाणारी खाट घरभर पसरली होती. सगळे खोकत होते आणि कुणालाच कारण कळत नव्हतं. मी आत गेलो. गॅस कुणीतरी बंद केला होता, पण फार उशिरा. आमटी आटून तळाला लागली होती आणि दोरा अजून कडीला गुंडाळलेला होता. दोरा मी सोडला. पातेलं मीच घासलं. माझे हात त्यानंतर कितीतरी दिवस आगीत धरल्यासारखे होते. सांत्वनाला आलेली माणसं हात हातात घेत, आणि मी कळवळून हात मागे घेतला की त्यांना वाटे, किती दुःख झालंय याला.

आता मोठ्या भावाबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे दादा म्हणतात, ताईही दादाच म्हणते. सत्तरी ओलांडलेले, हजीऱ्यात मुलं-नातवंडांनी भरलेलं जुनं घर, वडील लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला यांनीच वाढवलेलं. शाळेत यांनीच पोचवलं, नोकरीला यांनीच लावलं, माझ्या बहिणीला बघायलाही हेच आले होते. स्वतः अगदी सपक खाणारे. एका दिवाळीला धाकट्यानं त्यांच्या पानात ठिपका वाढला होता. दादा त्या दिवशी परत जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यानंतर त्या घरात जेवलेच नाहीत.

दादा रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी, बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली असताना, ते म्हणाले, "ती मिरची होती म्हणून तो वर गेला." आणि थोडं थांबून, आवाज न चढवता, "आणि पाठवला कुणी, ते घरातल्यांना माहीत आहे."

ताई दारात उभी होती. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं, तर दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथून पुढे सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली जाऊ लागली, आणि प्रत्येक वेळी ती थोडी पक्की होत गेली. आधी मिरचीनं मारलं होतं. मग इतकी वर्षं तसलं जहाल खायला घातल्यानं मारलं. मग घालणारीनं.

मग दादांनी ठरवलेलं बाहेर आलं. ताईनं एकटं राहायचं नाही. हजीऱ्याच्या घरात वरची खोली रिकामी आहे, तिथे यायचं. दर्पण कॉलनीचं घर भाड्यानं द्यायचं. छतावरचे गमले तेवढे लगेच काढून टाकायचे. दादांनी माझ्या भाच्याला, म्हणजे ताईच्या मुलाला, वर जाऊन झाडं उपटायला सांगितलं, आणि तो निघालाही. ताई जिन्यात उभी राहिली. म्हणाली, दादा, तेराव्यापर्यंत घरातलं काही हलवायचं नसतं, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. दादांना रीत मोडता येईना. पण तेराव्यानंतर काय, ते ठरलेलंच होतं.

ताई सिटी सेंटरमधल्या एका विमा कचेरीत नोकरी करते. स्वतःची स्कूटर आहे, स्वतःचा पगार आहे, निवृत्तीला अवकाश आहे. तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मीही तेच म्हणालो. पण त्या घराण्यात एक गोष्ट आहे. दहाव्या दिवशी, पिंडाला कावळा शिवत नसेल, तर घरचे हात जोडून गेलेल्याला शब्द देतात. तुझं अमुक राहिलं असेल तर आम्ही करू. हे सगळीकडेच होतं. मात्र आमच्या जीजाजींच्या घराण्यात त्या वेळी दिलेला आणि कावळ्यानं घेतलेला शब्द आजवर कुणी मोडलेला नाही. त्यांच्या एका काकांनी बापाच्या दहाव्याला पत्ते सोडले होते. पुढे मरेपर्यंत ते रोज संध्याकाळी पत्त्यांच्या अड्ड्यावर जायचे आणि खेळणाऱ्यांच्या मागे खुर्ची टाकून, दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. आणि शब्द घरातला मोठा देतो. दहाव्याला दादा काय शब्द देणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

भाचा बंगळुरूहून आलेला, डोक्याचं मुंडण केलेलं, थंडीनं नाक गळत होतं. मी त्याला कोपऱ्यात घेतलं. तो म्हणाला, "मामा, काकांना मना कौन करेगा? मी तर नाही करू शकत. आणि आई अकेली राहील तर मला तिकडे झोप नाही येणार." त्यात त्याचं काय चुकलं?

दहाव्याच्या सकाळी असं धुकं होतं की लष्कर भागातल्या तळ्याच्या पायऱ्यांवर उभं राहिलं तर तळं आहे हे फक्त वासावरून कळत होतं. हल्ली बायकाही येतात, त्यामुळे ताई आली. गाडीत तिनं माझ्या कोटाच्या खिशात एक कागदाची पुडी सरकवली. दोन मिरच्या, झाडावरच्या, लाल, ताज्या. म्हणाली, तुझ्याकडे राहू दे, दादा माझी पिशवी बघतील. दादांनी आधीच बजावलं होतं, ज्यानं त्याचा जीव घेतला ते त्याच्या पानात ठेवायचं नाही. दादा पिशवी खरंच बघतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी बघितली.

पिंड मांडले गेले. शेजारी केळीच्या पानावर गेलेल्याच्या आवडीचं म्हणून दादांच्या घरून आलेलं जेवण: गाजरहलवा, बेसनाचा लाडू, दहीभात. जीजाजींनी गोड कधी तोंडात घातलं नाही. लहानपणी त्याला लाडू आवडायचा, दादा म्हणाले. असेलही. दादांना आठवत होता तो मुलगा लाडू खाणारा असेल.

आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळा नाही. धुक्यात कुठेतरी पंखांचा आवाज व्हायचा, भिंतीवर काळं काहीतरी हलायचं, खाली मात्र काही येईना. भाच्यानं शब्द दिला, आईला नीट सांभाळीन. नाही. चुलतभावांनी काही काही म्हटलं. नाही. थंडीनं पाय बधिर झाले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, म्हणजे दर्भाच्या काड्यांनी पिंडाला स्पर्श करून विषय संपवायचा. आणि दादा म्हणाले, थांबा. दर्भाचा नको. माझा भाऊ असा जाणार नाही.

ते पुढे झाले. हात जोडले. मी त्यांच्या मागून सरकलो. ताईनं माझ्याकडे पाहिलं होतं, तेवढं पुरे होतं. सगळ्यांच्या नजरा दादांच्या पाठीवर. मी वाकल्यासारखं करून एक मिरची दहीभातावर ठेवली आणि मागे आलो. आणि मग, गाढवपणाची परिसीमा, थंडीनं भरून आलेला डोळा त्याच बोटानं पुसला.

दादा म्हणत होते, "तुझ्या बायकोला मी एकटं राहू देणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहील. तू काळजी करू नकोस, बाळा."

बाळा हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आणि त्या शब्दावर धुक्यातून कावळा खाली आला. थेट पानावर. पिंडावर पाय दिला, मान वाकडी करून एका डोळ्यानं बघितलं, मिरची उचलली आणि भिंतीवर जाऊन बसला.

शिवला, शिवला, अशी कुजबूज झाली. दादा आता रडत होते, पहिल्यांदाच. मी तर धो धो रडत होतो, एका डोळ्यानं, आणि कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दादांनी मिरची पाहिलीच नव्हती. गुरुजी साहित्य आवरायला वाकले. सगळं संपलं होतं, आणि ते संपवायला मिरची मीच ठेवली होती.

तेव्हा ताई बायकांमधून पुढे आली.

"थांबा, गुरुजी. माझं राहिलंय."

"आता काय राहिलं, वहिनी? शिवला ना," गुरुजी म्हणाले.

तिनं माझ्याकडे हात पसरला. मी दुसरी मिरची तिच्या हातावर ठेवली, सगळ्यांसमोर. दादांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. ताईनं ती पानावर ठेवली, अगदी मधोमध, आणि उभ्याउभ्याच, रोज स्वयंपाकघरातून बोलायची त्याच आवाजात म्हणाली:

"झाडं रोज संध्याकाळी मी झाकीन. घर सोडणार नाही."

भिंतीवरच्या कावळ्याची पहिली मिरची संपली होती. ना उचकी, ना पाणी. त्यानं भिंतीला चोच पुसली, खाली आला, पुन्हा पिंडावरून चालत पानापर्यंत गेला, दुसरी मिरची घेतली आणि धुक्यात दिसेनासा झाला.

गुरुजी माझ्याकडे पाहायला लागले, जणू शास्त्र माझ्या खिशात आहे. परतताना गाडीत दादा पुढे बसले होते. हजीऱ्याचं वळण मागे पडलं तेव्हा ते म्हणाले, "लाच दिलीस तू. कावळ्याला मिरचीची लाच दिलीस."

मागच्या सीटवरून ताई म्हणाली, "तुमच्या वेळीही मिरचीच होती, दादा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझा तो डोळा अजून सुजलेला होता. त्यांना सांगावं लागलं नाही.

दादांची अडचण मला नीट समजली, आणि त्या माणसाची मला तेव्हा पहिल्यांदा दया आली. कावळा मिरचीसाठी आला, शब्दासाठी नाही, असं म्हटलं की ताईचा शब्द गळून पडत होता. पण मग त्यांचाही पडत होता, आणि कावळा खऱ्या अर्थानं शिवलाच नव्हता. म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ कुठेतरी त्या धुक्यात तसाच अडकून राहत होता. ते त्यांच्यानं म्हणवेना. घर आलं, गाडी थांबली, दादा उतरेनात. शेवटी म्हणाले, "दोन्ही शब्द घेतलेत त्यानं. दोन्ही पाळावे लागतील."

आणि त्यांनी आपला पाळला.

तेराव्यानंतरच्या संध्याकाळी दादा दर्पण कॉलनीत हजर झाले. एका हातात वळकटी, दुसऱ्यात ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा डबा. बाहेरच्या खोलीत दिवाणावर गादी टाकली. तिला एकटं राहू द्यायचं नाही आणि ती घर सोडणार नाही, तर मग हिशेब सरळ आहे. तेव्हापासून आजतागायत ते रोज संध्याकाळी येतात आणि सकाळी चहा घेऊन हजीऱ्याला जातात. हजीऱ्याच्या सुनांनी विनवण्या करून पाहिल्या. भाच्यानं फोनवर आधी विरोध केला, मग त्याला बंगळुरूत झोप लागायला लागली. मी ही गोष्ट पहिल्यांदा मित्रांना सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले. मीही हसलो. मग रस्त्यानं घरी जाताना लक्षात आलं की माझी बहीण आता उरलेलं आयुष्य रोज संध्याकाळी त्या माणसाला वाढणार आहे, जो तिला नवऱ्याची मारेकरीण समजतो.

कारण ते मत दादांनी सोडलेलं नाही. मी असताना एक पाहुणे आले होते, त्यांना त्यांनी ताईच्या देखतच सगळं सांगितलं, ती मिरची, तो पाला, आणि तिनंच वर पाठवलं. ताई चहा ठेवून आत गेली. त्या दिवशी दादांच्या पानात मोहरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता, मिठाच्या शेजारी. दादांनी तो पाहिला. बाजूला सारला नाही, पान टाकून उठलेही नाहीत. पोळीला लावून खाल्ला, आणि मग दोघं एकमेकांकडे न बघता जेवत राहिली. आता रोज असतो. ते रोज खातात. ती शिक्षा कोण कुणाला देतं आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

या हिवाळ्यात मी एका संध्याकाळी गेलो होतो. ओट्यावर आमटी उकळत होती आणि कडीला दोरा गुंडाळलेला होता. मला बघून ताई म्हणाली, आमटी वर आली की दोरा ओढ, मी झाडं झाकून येते. आणि वर गेली.

दादा जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहिले. रोज राहतात म्हणे. गुडघ्यांमुळे त्यांना चढवत नाही. मी आमटीकडे एक डोळा ठेवून बघत होतो. थोड्या वेळानं त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "झालं का?"

वरून उत्तर नाही. चादरी ओढल्याचा आवाज नाही. मी दोरा ओढला, मिरची वाटीत ठेवली. दादांनी पुन्हा हाक मारली, या वेळी नावानं. त्यांचा कठडा धरलेला हात मला दिसत होता. मी पुढे झालो तर त्यांनी मला अडवलं नाही, पण वाटही दिली नाही. मग त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, आणि त्याबरोबर वरून ताई आली. हात झटकत, अगदी ठीक, कुठे काही घाई नाही.

दादा बाहेरच्या खोलीत गेले. मी स्वयंपाकघरात तिला विचारलं, ऐकू येत नव्हतं का तुला.

"येत होतं," ती म्हणाली. तिनं हातांना सरसूचं तेल चोळलं आणि पोळपाट पुढे ओढला. "त्या दिवशी मीही तिथेच उभी राहून हाका मारत होते. त्यांनाही कळू दे रोज थोडं."